पास्कूदादांचा मंगळवार

रविवार, ४ फेब्रुवारी १९७९. सकाळी साडेनऊ, दुसऱ्या मिस्सेनंतर. जागा: बावखलाच्या काठी, चिंचेखाली.

हजर: अंतोनबाबा, वाडीतले वडीलधारे. पास्कूदादा, माझ्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ. सायमन, बाबांचा पुतण्या. नातलिनमावशी, घरात पुरुषमाणूस नाही म्हणून स्वतः आलेल्या. दामूनाना, आमच्या सहा घरांतलं एकमेव हिंदू घर. आणि मी – चिठ्ठ्या लिहिणारी, वाचणारी, वहीत नोंदवणारी.

विषय: उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पाळ्या. ठरलं ते असं: सोमवार सायमन, मंगळवार दामूनाना, बुधवार नातलिन, गुरुवार अंतोनबाबा, शुक्रवार आम्ही, शनिवार पास्कू. रविवारी इंजिन बंद, नेहमीप्रमाणे.

हे मी त्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. अक्षर माझंच आहे, वळणदार, खाडाखोड नाही. यातल्या दोन नोंदी खोट्या आहेत. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही – नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला, गुडघे टेकले तेव्हा फादरांनाही नाही. नऊ वर्षं झाली. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या वाडीतले नाही. घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण हे शाळेच्या मराठीत लिहिते आहे. घरच्या बोलीत मला ते लिहिताच येईना.

आधी पाण्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे, गासच्या बाजूला, बागायत बावखलावर चालते. बावखल म्हणजे खणून काढलेलं मोठं तळं. नाताळ सरला की त्याचं पाणी खाली जायला लागतं. मग सहा घरांत एकच ऑइल इंजिन, आणि एका घराला आठवड्यातून एक दिवस. कोणाला कुठला वार, हे फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी चिठ्ठ्या टाकून ठरतं. मडक्यातून चिठ्ठी ज्यानं त्यानं काढायची, पण उघडायची नाही. ती तशीच लिहिणाऱ्याच्या हातात द्यायची. लिहिणाऱ्यानं उघडून मोठ्यानं वाचायची. वाचण्याआधी कोणी गुपचूप अदलाबदल करू नये म्हणून जुन्या माणसांनी हा नियम घातला होता. सासरे गेल्यापासून लिहिणारी मी. शाळेत टीचर, चर्चमध्ये रविवारी मुलांना धर्मशिक्षण, आणि घरात प्रत्येक गोष्टीची यादी. वाडीत कोणाचाही माझ्यावर जितका विश्वास होता, तितका त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरही नसेल.

आता पास्कूदादा.

ते मुंबईला एका छापखान्यात कामाला होते. तिथल्या एका सोबत्यानं त्यांना मराठी बायबल दिलं. आमच्या पिढीनं बायबल फादरांच्या हातात पाहिलं होतं, स्वतःच्या मांडीवर नाही. दादा निवृत्त होऊन घरी आले, राजेळी केळीचे नवे मुनवे, म्हणजे बुडाचे कोंब, लावले, आणि उरलेल्या वेळात ओटीवर बसून ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. एके दिवशी मी शाळेतून येताना त्यांनी हाक मारली.

"बाय, तू पोरांना दहा आज्ञा शिकवतेस ना? तिसरी म्हण."

मी म्हटली. देवाचा दिवस पवित्र पाळ.

"कुठला दिवस?"

"रविवार."

"पुस्तकात दाखव."

मी म्हटलं, पुढच्या शनिवारी दाखवते. किती सहज म्हटलं! मला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते. दर शनिवारी दुपारी मी त्यांच्या ओटीवर जाऊ लागले. सवयीप्रमाणे वही केली, पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे शनिवार, उजवीकडे रविवार. डावीकडे पहिल्याच पानावर देवानं सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला. मग दगडी पाट्यांवरची आज्ञा, तीही सातव्या दिवसाचीच. येशू स्वतः शब्बाथला, म्हणजे त्या सातव्या दिवशी, सभास्थानात जायचा. उजवीकडे – तो आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, मेलेल्यातून उठला. शिष्य पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमले. पहिल्या दिवशी मदतीसाठी काहीतरी बाजूला ठेवा, असं एका पत्रात. पण सातवा दिवस सोडा आणि पहिला धरा, असं लिहिलेलं वाक्य मला सापडेना. आणि मग अशीही वचनं निघाली जी कुठल्याच बाजूला बसेनात. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही. सणांवरून, शब्बाथांवरून कोणी तुमचा न्याय करू नये. एक जण एक दिवस मोठा मानतो, दुसरा सगळे सारखे मानतो – प्रत्येकाची आपल्या मनात पुरती खात्री असली म्हणजे झालं. ही कुठे लिहायची? रेघेवर?

फादरांना विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं: प्रभू उठला तो दिवस आपला, प्रेषितांच्या काळापासून चर्च तोच पाळत आलं, चर्चला तो अधिकार आहे. मला पटलं. ओटीवर गेले की दादा म्हणत, अधिकार आहे हे खरं, पण मग आज्ञा कोणाची? तेही मला पटायचं. माझ्यासारख्या बाईला, जिची बाजाराची यादीसुद्धा क्रमवार असते, दोन्ही पटणं म्हणजे काय हे कसं सांगू? मिस्सेला, चर्चमधल्या उपासनेला, गेले की रविवार खरा वाटे. ओटीवर बसले की शनिवार.

१९७८च्या पावसाळ्यानंतर दादा शनिवार पाळायला लागले. बागेत जायचे नाहीत, बाजाराला माल काढायचे नाहीत. रविवारी मिस्सा बंद. रेमेतवहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, फार ओढाताण झाली. ती बोळिंजची, फटकळ. म्हणायची, "शनवारी यांच्या देवासाठी चूल बंद, आयतवारी गावाच्या भीतीनं काम बंद. सहा दिवस काम कर म्हनलंय ना पुस्तकात? मंग माझे पाचच कसे? मलाच जास्त पुन्य लागनार."

दादा हसायचे. दामूनानाही कधी कुंपणाशी उभे राहून चेष्टा करायचे. "तुमचा देव एक, पुस्तक एक, मग वार दोन कसे हो? आमचं बरं. कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, ज्याला जो मानवेल तो. भांडण नाही."

आणि एका शनिवारी – नोव्हेंबर असावा, वहिनीनं उकडलेलं कोनफळ पुढे ठेवलं होतं – मी वही मिटली आणि म्हटलं, "दादा, पुस्तकात तुम्ही म्हणता तेच आहे."

हे मी म्हटलं. स्वतःच्या तोंडानं. दादांनी कोनफळाची बशी माझ्याकडे सरकवली. पण त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. इतके दिवस एकटं असलेल्या माणसाला सोबत मिळाली की जसा होतो तसा.

वाडीत गोष्टी लपत नाहीत. नाताळच्या सुमारास चर्चच्या पायऱ्यांवर अंतोनबाबांनी मला थांबवलं. चारचौघं होती.

"काय टीचर, रविवारी शिकवता आणि शनवारी शिकता का?"

सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन हात धुतले, पोळ्या लाटायला घेतल्या. धर्मशिक्षणाचा वर्ग काढून घेतील का? चिठ्ठ्यांचं मडकं काढून घेतील का? त्या दिवसापासून मी दादांच्या ओटीवर जाणं बंद केलं. शाळेत तपासणी आहे असा निरोप दिला. तपासणी नव्हती.

आता मी फिरून फिरून त्या चिंचेखाली येते आहे. यायलाच हवं.

चार फेब्रुवारीला सगळे जमल्यावर सायमन मुद्दाम म्हणाला, "पास्कूबाबांना आयतवारच द्या की. इंजिन तसंही रिकामंच असतं."

अंतोनबाबा भडकले. "मिस्साच्या टायमाला इंजिनाची धडधड देवळात ऐकू येईल. मी जिवंत असेतो होनार नाय."

दादा उठून उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. त्यांच्या हिशेबानं रविवार कामाचा दिवस, तरी वाडीच्या सभेला ते नीट कपडे करून आले होते. म्हणाले, "मी रविवार मागतच नाही. वार सहा आहेत. पाच मला चालतात."

"आनि शनवार आला मंग?" सायमन.

दादा म्हणाले, "आला तर देवानंच मला काय ते सांगितलं, असं समजेन. चिठ्ठी मी नुसत्या पाण्यासाठी काढत नाही. त्याला विचारून काढतोय."

मग ते कपाळाला-छातीला हात लावून क्रॉस करून पुढे आले – शनिवार पाळत होते तरी क्रॉस करायचे – आणि मडक्यात हात घातला. चिठ्ठी न उघडता माझ्या तळहातावर ठेवली.

मी उघडली. तिच्यावर माझ्या अक्षरात 'मंगळवार' होतं.

मी वाचलं, "शनिवार."

झालं. एवढंच आहे. एका शब्दाचं आहे. तुम्ही विचाराल, का? मी कितीदा बसले आहे या प्रश्नाला कागद-पेन्सिल घेऊन. अंतोनबाबा माझ्याकडे बघत होते, हे एक. ओटीवर मी बोललेलं वाक्य मला परत घ्यायचं होतं, आणि ते असं सगळ्यांसमोर, आवाज न करता घेता येत होतं. दादा मिस्सेला परत यावेत, असंही वाटत होतं – की नव्हतं? कारण लिहिते आणि खोडते. त्या क्षणी मला एवढंच कळलं की तोंडातून जो वार आला तो कागदावर नाही.

पहिला शब्द निसटला, असं म्हणता येईल. पण खरा शनिवार अजून मडक्यात होता. सायमनची चिठ्ठी उघडली – सोमवार. नातलिनमावशींची – बुधवार. त्या दोन चिठ्ठ्या उघडेपर्यंत मला वेळ होता. "चुकलं, नीट वाचलं नाही" एवढं म्हणण्याइतका भरपूर वेळ. शाळेत मी मुलांना रोज सांगते, चूक लगेच सांगितली की ती चूकच राहते. मग दामूनानांनी चिठ्ठी दिली. शनिवार. मी स्पष्ट आवाजात वाचलं, "मंगळवार." हा शब्द निसटला नाही. हा मी उच्चारला.

चिठ्ठ्या नंतर बावखलात टाकायची पद्धत आहे. मी चार टाकल्या. दोन मुठीत राहिल्या.

सगळे पांगत असताना दामूनाना दादांपाशी गेले. म्हणाले, "पास्कू, उगाच डोक्याला ताप नको. माझा मंगळवार तू घे, मला शनिवार दे. मला सगळे वार सारखे." म्हणजे बघा, खरं जे होतं ते आपल्या पायांनी चालत परत आलं होतं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, वही छातीशी धरून. दादांनी माझ्याकडे पाहिलं, जणू सल्ला विचारावा तसं. मी वहीचं पान सारखं करत राहिले.

"नको नाना," दादा म्हणाले. "विचारलं मी आनि उत्तर आवडलं नाय म्हणून बदलून घेऊ?"

त्यानंतरचे सहा शनिवार मला क्रमानं आठवतात. पहिल्या शनिवारी इंजिन गप्प होतं. आठवड्यातल्या एकाच पाळीचं पाणी सोडून दादा आत ओटीवर पुस्तक घेऊन बसले. बाकीचे दिवस ते आणि वहिनी घरच्या विहिरीचं पाणी हंड्यांनी नेऊन एकेका मुनव्याच्या बुडात ओतत. ती विहीर मचूळ आहे, भांडी घासण्यापुरती. तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. पाचव्यात मधली पानं दुमडून खाली लोंबू लागली. शाळेची वाट त्यांच्या कुंपणाला लागून जाते. मी लांबच्या वाटेनं जाऊ लागले.

माझ्या वहीत एक वचन होतं, रेघेवरचं. जनावर शब्बाथच्या दिवशी विहिरीत पडलं तर तुम्ही त्याला वर काढणार नाही का? हे मी दादांना नुसतं जाऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं. खोटं उघड न करताही. त्यांनी शनिवार पाळला असता आणि केळीही जगवल्या असत्या. पण त्यासाठी ओटीवर जावं लागलं असतं, आणि जाताना मला कोणी पाहिलं असतं. मी गेले नाही. कधी कधी वाटतं, त्या एका शब्दापेक्षा हे न जाणंच मोठं आहे. खात्री नाही.

सातव्या शनिवारी मी शाळेतून आले, जेवणाचं ताट वाढून घेतलं, आणि बावखलाकडून धडधड ऐकू आली. आधी कळलंच नाही, आज कोणाची पाळी. मग कळलं. ताट तसंच ठेवून मागच्या दारात उभी राहिले. दादा पाटात अनवाणी उभे होते, फावड्यानं पाणी वळवत. चुकूनही वर बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते मिस्सेला आले. शेवटच्या बाकावर बसले. फादरांनी नाव न घेता हरवून सापडलेल्या मेंढरावर सांगितलं. बाहेर आल्यावर अंतोनबाबांनी त्यांना मिठी मारली – खरी, मनापासून, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. रेमेतवहिनी मला म्हणाली, "सुटले बाय. आता एकच दिवस काम बंद." सगळे आनंदात होते. यात कोणी वाईट नव्हतं, हे मला सांगायला हवं. वाईट काम एकाच माणसानं केलं होतं आणि ते माणूस वहीवाल्या बाईच्या चपला घालून उभं होतं.

संध्याकाळी दादा आमच्या घरी आले. बायबल जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं होतं. माझ्या हातात देऊन म्हणाले, "मी विचारलं, त्यानं सांगितलं. शनवारी काम कर म्हणाला. आता हे तुझ्याकडे असू दे बाय. मला वाचून समजत नाही, असंच म्हणायचं."

मी पुस्तक घेतलं. तेव्हाही काही बोलले नाही. ईस्टरनंतर धर्मशिक्षणाच्या सगळ्या वर्गांची जबाबदारी माझ्याकडे आली. तीही घेतली.

त्या साली त्यांच्या अर्ध्याहून जास्त केळी गेल्या. पुढच्या साली नव्या लावल्या, चांगल्या आल्या. त्यांचं तसं पाहिलं तर नुकसान भरून निघालं. पण ओटीवर त्यांना परत कधी वाचताना मी पाहिलं नाही. गप्पांत देवाचा विषय निघाला की ते उठून पाणी प्यायला आत जातात. पुरती खात्री असलेला मी आयुष्यात पाहिलेला तो एकच माणूस, आणि ती खात्री मी काढून घेतली – कशी, तर देवाच्या आवाजात बोलून.

आणि गंमत बघा – गंमत नाही, दुसरा शब्द सुचत नाही – मला अजून कळलेलं नाही की मी नेमकं कुठलं पाप केलं. रविवार खरा असेल तर मी एका माणसाला खोटं बोलून खऱ्या वाटेवर आणलं. शनिवार खरा असेल तर त्यानं विचारलं होतं, देवानं मंगळवार दिला होता, म्हणजे तुझा शनिवार पाळ म्हणून सांगितलं होतं, आणि मी ते उत्तर मुठीत दाबलं. की चिठ्ठी नुसती चिठ्ठीच होती, सहातली एक? ती रेघ मारलेली वही मी आजही कधी काढते. डावीकडे बघते, उजवीकडे बघते. दर रविवारी मिस्सेला जाते, पुढच्या बाकावर. शनिवारी दुपारी मात्र हात आपोआप थांबतात. काही करत नाही. पाळत नाही, कामही करत नाही. नुसती बसते.

दर सोमवारी मी आठवड्याची यादी करते. झालेल्या कामावर बरोबरची खूण, राहिलेलं काम पुढच्या यादीत. या आठवड्याची माझ्यासमोर आहे. वर्गांच्या हजेऱ्या – झालं. इंजिनाचा पट्टा बदलणे – झालं. नातलिनमावशींचं औषध – झालं. शेवटची ओळ 'पास्कूदादा, चिठ्ठी' अशी आहे. ती १९७९च्या मार्चपासून एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरते आहे. दोन्ही चिठ्ठ्या त्यांच्याच बायबलात आहेत, लुगड्याच्या तुकड्यासकट, कपाटाच्या वरच्या खणात.

मध्यंतरी वाटायचं, चिठ्ठी पाकिटात घालून त्यांच्या दारात ठेवावी. अक्षर माझं आहे, ते ओळखतील, मला तोंड उघडावं लागणार नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांचे दोन्ही डोळे अधू झाले. मुंबईला नेऊन दाखवलं, उपयोग झाला नाही. आता ते ओटीवर बसतात आणि पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखतात. मी कुंपणाजवळून गेले की हाक येते, "बाय, शाळा सुटली का?"

त्यांना वाचता येत नाही. ती चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचायला पुन्हा मीच हवी आहे. ओळ यादीत आहे. खूण नाही.